बाय कोणाला? वऱ्हाडातले महाविद्यालयीन सॉफ्टबॉल आणि मानांकनाचा हिशेब

अमरावती विभागाच्या शालेय क्रीडा स्पर्धांत सांघिक खेळांसाठी सात संघांची मांडणी असते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे, शिवाय अमरावती आणि अकोला या दोन महानगरपालिका स्वतंत्र. बाद पद्धतीच्या तक्त्याला सात हा आकडा मानवत नाही. त्याला दोन, चार, आठ, सोळा असे दुपटीने वाढणारे आकडे लागतात. त्यामुळे आठवी जागा रिकामी राहते आणि एका संघाला पहिल्या फेरीत बॅट न उचलताच पुढे चाल मिळते. मैदानावर तिला ‘बाय’ म्हणतात. मग पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की बाय कोणाला?

शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकात याचे उत्तर छापलेले आहे. संघांचे दोन भाग करायचे, वरचा आणि खालचा. पहिला बाय खालच्या भागातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या भागातल्या पहिल्याला, तिसरा खालच्या भागातल्या पहिल्याला आणि चौथा वरच्या भागातल्या शेवटच्याला. त्याच पुस्तकात मानांकनाची रीतही असते: गतविजेता तक्त्याच्या अगदी वर, उपविजेता अगदी तळाला. या दोन्ही रीती एकाच वेळी पाळल्या तर सात संघांच्या स्पर्धेत गंमत होते. एकुलता एक बाय गतविजेत्याला न मिळता उपविजेत्याच्या पदरात पडतो. टेनिसच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्या मानांकिताला खेळायला लावून दुसऱ्याला बाय दिला, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे भरून टीका येईल. आपल्या मैदानांवर याची चर्चा होत नाही, कारण तक्ता भिंतीवर लागतो तेव्हा सगळ्यांचे लक्ष चुन्याच्या रेघा, बेसच्या गाद्या आणि अजून न पोहोचलेल्या पंचांकडे असते.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे. महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये चुरस कशी तयार होते, कशी मारली जाते, आणि सामना सुरू होण्याआधी कागदावर जे ठरते त्याचा तिच्याशी काय संबंध असतो, याची ही तोंडओळख. उदाहरणे जपानपासून ओक्लाहोमापर्यंतची आहेत; पण विचार करायचा आहे तो संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांचा, आणि त्यातही वरूडसारख्या कडेच्या गावांचा.

वरूड अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पलीकडे मध्य प्रदेशातले पांढुर्णा. संत्र्यांच्या बागांमुळे या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, आणि शेंदुरजनाघाटच्या कलमांचे नाव तर बागायतदारांच्या तोंडी कायमचे. इथून अमरावती मोर्शीमार्गे सुमारे ९० किलोमीटर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अमरावतीला असेल तर संघ पहाटेच्या एसटीने निघणार. अकोल्याला असेल तर आदल्या रात्री मुक्काम. स्पर्धांचा हंगाम पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि त्याला लागूनच आंबिया बहाराचा तोडा येतो. ज्या घरी बाग आहे तिथला पोरगा त्या दिवसांत मैदानावर हवा की बागेत, हा वाद वरूडच्या घराघरांत नवा नाही. एवढी ओढाताण करून गेलेला संघ पहिल्याच सामन्यात मानांकित संघापुढे उभा राहिला आणि पाचव्या डावानंतर सात धावांच्या फरकाच्या नियमाने सामना थांबवला गेला, तर दुपारच्या गाडीने परत. ‘ड्रॉच खराब लागला भौ,’ एवढे एक वाक्य सोबत येते, आणि वर्षभर तेच सगळ्याचे स्पष्टीकरण म्हणून चालते.

ते वाक्य निमित्त शोधणाऱ्याचे आहे असे समजून झटकून टाकणे सोपे आहे. पण गणित त्या वाक्याच्या बाजूने आहे.

हे गणित पहिल्यांदा चारचौघांत मांडले ते ऑक्सफर्डच्या एका गणितज्ञाने. चार्ल्स डॉजसन हे त्याचे खरे नाव. जग त्याला लुईस कॅरॉल म्हणून, ‘अॅलिस’च्या गोष्टींचा लेखक म्हणून ओळखते. १८८३ साली त्याने लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक छोटी पुस्तिका काढली. तक्रार साधी होती. बाद पद्धतीत पहिला क्रमांक बहुतेक वेळा योग्य माणसाला मिळतो, पण दुसरा क्रमांक मिळणे निम्म्याहून थोडेच अधिक न्यायाचे असते. ३२ खेळाडूंची स्पर्धा घ्या, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावा, आणि प्रत्येक सामना श्रेष्ठ खेळाडूच जिंकतो असे धरा. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू अंतिम सामन्यात पोहोचण्याची शक्यता ३१ पैकी १६. उरलेल्या १५ वेळा तो चिठ्ठीच्या कृपेने विजेत्याच्याच अर्ध्या भागात सापडलेला असतो आणि कुठल्या तरी आधीच्या फेरीत गारद होतो. आठ संघ असतील तर ७ पैकी ३ वेळा असे होते. आपल्या शालेय राज्य स्पर्धेत आठ विभाग उतरतात: मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती, नागपूर. तिथे बायचा प्रश्नच नाही, तक्ता चोख भरतो. तरीही नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर राज्यातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ सातांतून तीनदा अंतिम फेरीबाहेर राहील, आणि तो कमी पडला म्हणून मुळीच नव्हे.

विम्बल्डनने १९२४ साली मर्यादित स्वरूपात आणि १९२७ साली पूर्णपणे मानांकन आणले ते याच कारणाने. तगडे खेळाडू एकमेकांना उशिरा भेटावेत. आठ संघांत पहिल्याची गाठ आठव्याशी, चौथ्याची पाचव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी. एवढी एक ओळ समजली की मानांकनाचा निम्मा विषय संपला. उरलेला निम्मा अवघड आहे: हे क्रमांक आणायचे कुठून?

त्याआधी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे इतके काय, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. वऱ्हाडात तो पडत नाही. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण ठेवले आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याच्या अटी सुधारल्या. स्पर्धा कोणत्या स्तरावरची, क्रमांक कितवा, यावर उमेदवार कोणत्या गटातल्या पदासाठी पात्र ते ठरते. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि त्या कार्यालयात क्रमांकाला किंमत असते, ‘छान खेळला होता’ या शब्दांना नसते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हे पाठ असते. महाविद्यालयीन स्पर्धेचे प्रमाणपत्र स्वतः त्या पातळीवरचे नाही. पण विद्यापीठाच्या संघाची वाट तिथूनच जाते. निवड समिती खेळाडूला पाहते ती त्याचा संघ स्पर्धेत टिकेल तेवढाच वेळ. ज्या शॉर्टस्टॉपचा संघ पहिल्या फेरीत गारद झाला तिचे पाच डाव कोणी पाहिले असतील तर नशीब. विद्यापीठाच्या संघात येऊन ‘कलर होल्डर’ होणे, आंतरविद्यापीठ ‘ऑल इंडिया’ खेळणे, या सगळ्याची सुरुवात एका तक्त्यावरच्या जागेपासून होते. भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धांत अमरावतीचा समावेश पश्चिम विभागात. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी तिथे गाठ असते. घरच्या स्पर्धेत चुकीचे तीन खेळाडू निवडले गेले तर किंमत तिथे मोजावी लागते.

आता खेळाकडे. सॉफ्टबॉल जन्मला तो १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. येल आणि हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमलेल्या मंडळींतल्या एकाने गंमत म्हणून बॉक्सिंगचा ग्लव्ह भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तिथल्या तिथे त्याचा खेळ बनवला. भारतात १९६१ मध्ये जोधपूरला दशरथमल मेहता यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संघटना उभी राहिली. महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आला आणि तालुक्याच्या शाळांपर्यंत पोहोचला. अमरावतीला तर व्यायामाची परंपरा आधीपासूनची. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. त्याच मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय पुढे देशभर नावाजले गेले.

इथे चुरशीचा पहिला पेच दिसतो. एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली एकीकडे शारीरिक शिक्षण हाच ज्यांचा अभ्यासक्रम आहे असे विद्यार्थी, आणि दुसरीकडे वरूडच्या महात्मा फुले महाविद्यालयासारख्या ठिकाणी कला, वाणिज्य, विज्ञान शिकत संध्याकाळी तास-दीड तास मैदानावर येणारे. कोणाचाही दोष नाही. अमेरिकेत असो की अमरावतीत, मोठ्या स्पर्धेत असे अंतर असतेच. पण ते अंतर आहे हे मान्य करून तक्ता आखायचा, की चिठ्ठीवर सोडून द्यायचे, हा निर्णय माणसांचा असतो.

सॉफ्टबॉलमध्ये या निर्णयाला जास्तच वजन येते, कारण हा पिचरचा खेळ आहे. महिलांच्या खेळात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे जेमतेम १३ मीटरवरून, खालच्या हाताने चेंडू टाकते. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू बॅटरपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. चांगली पिचर असेल तर बाकीचे आठ जण साधारण असले तरी सामना निघतो, आणि ती दमली तर चांगले आठ जणही काही करू शकत नाहीत. कबड्डीत चांगला चढाईपटू दोनच सामन्यांत थकत नाही. व्हॉलीबॉलमध्ये बदली आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयाकडे मात्र विंडमिल पद्धतीने चेंडू टाकणारी एकच मुलगी असते, दुसरी असली तर ती पुढच्या वर्षासाठी तयार होत असते. अशा संघाला दोन दिवसांत चार सामने खेळायचे आणि समोरच्याला तीन, तर तो एक सामना म्हणजे सात डावांची दमणूक आहे. बायची खरी किंमत इथे कळते. पुढे चाल मिळाल्याचा आनंद दुय्यम. राखून ठेवलेला हात महत्त्वाचा.

हे किती टोकाला जाते ते २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिले. अमेरिकेचा महिला संघ अंतिम सामन्यापर्यंत सलग २२ ऑलिम्पिक सामने जिंकत आलेला, तीन सुवर्णपदके आधीच खिशात. २० ऑगस्टला उपांत्य सामन्यात त्यांनी जपानला नऊ डावांत ४-१ ने हरवले. बाद पद्धत असती तर जपान तिथेच संपले असते. पण सॉफ्टबॉलमध्ये तेव्हा पेज पद्धत होती, तीच जी आपल्याकडे २०११ पासून आयपीएलमुळे घरोघरी माहीत आहे: साखळीतल्या पहिल्या दोघांत सामना, हरणाऱ्याला आणखी एक संधी. तिसरा आणि चौथा मात्र हरला की घरी. या पद्धतीचे मूळ ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलमधले, १९३१ चे. जपानची पिचर युकिको उएनो त्याच दिवशी पुन्हा उभी राहिली आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा डाव टाकले. जपान ४-३ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात तिने अमेरिकेला ३-१ ने रोखले. दोन दिवसांत तीन सामने, २८ डाव, ४१३ चेंडू. जपानमध्ये आजही ४१३ हा आकडा म्हटला की लोकांना उएनो आठवते.

या गोष्टीतून दोन निष्कर्ष निघतात आणि ते एकमेकांविरुद्ध जातात. पहिला असा की साखळीत मिळवलेल्या वरच्या जागेला पेज पद्धतीने मोल दिले. जपान दुसरे आले होते म्हणून त्यांना दुसरी संधी होती. दुसरा असा की ती संधी एका माणसाच्या खांद्यावरून वसूल केली गेली. आपल्या स्पर्धा-संयोजकांनी पहिला निष्कर्ष उचलावा आणि दुसऱ्यापासून धडा घ्यावा, असे या लेखनाचे स्पष्ट मत आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीकडून एका दिवसात तीन सामने टाकून घेणे यात कसलीही वीरता नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलकडे वळले की मानांकनाचा दुसरा निम्मा प्रश्न, म्हणजे क्रमांक आणायचे कुठून, थेट समोर येतो. तिथे दहा-पंधरा विद्यापीठे मिळून एक ‘कॉन्फरन्स’ करतात आणि वसंतभर आपापसांत खेळतात. संघ एका हंगामात पन्नासच्या आसपास सामने खेळतो. कॉन्फरन्सच्या शेवटच्या स्पर्धेत कोण कुठल्या जागी बसणार ते या निकालांवरून ठरते, आणि त्यानंतरच्या ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या १६ जणांना मानांकन मिळते. त्यासाठी वर्षानुवर्षे एक सूत्र वापरले गेले: स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५०, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना २५. म्हणजे किती जिंकलात याहून कोणाशी खेळलात याला जास्त भाव. दुबळ्यांना वीस-वीस धावांनी चोपून वर चढता येत नाही. चुरस मोजण्याची ही रीत सर्वांगसुंदर नाही. पण ‘आमचा संघ लय भारी’ या दाव्यापेक्षा निश्चितच बरी.

एवढे करूनही मानांकन चुकते, आणि चुकायलाच हवे. २०२५ च्या मे महिन्यात देशात पहिले मानांकन मिळालेला टेक्सास ए अँड एम चा संघ आपल्याच मैदानावरच्या पहिल्या टप्प्यात लिबर्टी विद्यापीठाकडून बाद झाला. पहिल्या मानांकिताची अशी गत स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच झाली. त्याहून बोलके उदाहरण २०२१ चे. ओक्लाहोमा सिटीत आठ संघांच्या अंतिम टप्प्यात पहिल्या मानांकित ओक्लाहोमाला पहिल्याच दिवशी जेम्स मॅडिसन या बिगरमानांकित विद्यापीठाने आठव्या डावात ४-३ ने हरवले. वरूडने अमरावतीच्या गतविजेत्याला हरवावे तसा तो प्रकार. पण तिथे पद्धत दुहेरी बादची आहे. दोनदा हरल्याशिवाय कोणी बाहेर जात नाही. ओक्लाहोमाने पुढचे चार सामने ओळीने जिंकले, त्यात जेम्स मॅडिसनला दोनदा हरवले, आणि शेवटी विजेतेपदही घेतले. छोट्या संघाला त्याचा दिवस मिळाला आणि श्रेष्ठ संघाला त्याचा क्रमांक. एका स्पर्धेने दोघांनाही न्याय देणे क्वचितच साधते.

(जाता जाता: २०२८ चे ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला आहे, पण त्यातले सॉफ्टबॉल खेळले जाणार आहे ओक्लाहोमा सिटीतच, सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. खऱ्या कॅलिफोर्नियालाही आपले सामने दुसऱ्याच्या गावी पाठवावे लागतात, हे विदर्भाच्या कॅलिफोर्नियाने लक्षात ठेवायला हरकत नाही.)

अमेरिकेची नक्कल करा असे इथे सुचवायचे नाही. पन्नास सामन्यांचा हंगाम आपल्याला परवडणारा नाही. एका संघाचे ग्लव्ह आणि हेल्मेट दुसऱ्या संघाला उसने देऊन स्पर्धा पार पडतात, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे मानांकनाचा आधार म्हणजे मागच्या वर्षीचे पहिले चार क्रमांक. तो आधार पातळ आहे. ज्या संघाने मागच्या वर्षी चषक नेला त्यातली निम्मी मुले पदवी घेऊन बाहेर पडलेली असू शकतात, पिचर लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असू शकते. नाव तेच, संघ दुसरा. उलट ज्या महाविद्यालयात यंदा शालेय राज्य स्पर्धा खेळलेल्या चार मुली प्रथम वर्षाला आल्या, त्याला कोणतेही मानांकन नाही. शिवाय मानांकन स्वतःला पोसत राहते: वरची जागा, म्हणून बाय, म्हणून ताजा पिचर, म्हणून पुन्हा वरचा क्रमांक, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा वरची जागा. पाठ्यपुस्तकांत तर ‘विशेष मानांकन’ म्हणून आणखी एक प्रकार आहे, ज्यात निवडक संघांना सरळ उपांत्यपूर्व किंवा उपांत्य फेरीत बसवतात. राष्ट्रीय खेळाडूंच्या गर्दीत त्याला अर्थ असेल. महाविद्यालयीन पातळीवर तो इतरांना ‘तुम्ही आधी आपसांत लढून या’ असे सांगण्याचा प्रकार आहे.

तरीही मागच्या वर्षीचा निकाल हा निव्वळ चिठ्ठीपेक्षा चांगला आधार आहे, कारण तो सर्वांसमोर असतो आणि कोणाच्या मर्जीवर नसतो. त्याची उणीव भरून काढायची असेल तर तक्त्याची जातच बदलावी लागेल.

वीस महाविद्यालयांची स्पर्धा धरा. शुद्ध बाद पद्धतीत १९ सामने होतात. ३२ च्या तक्त्यात १२ बाय जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त संघ पहिल्या फेरीत नुसते बसून असतात, आणि आठ ते बारा संघ एकेक सामना खेळून घरी जातात. पूर्ण साखळीत १९० सामने. ते एका मैदानावर दिवाळीपर्यंत संपायचे नाहीत. मधला मार्ग गटांचा. पाच-पाच संघांचे चार गट केले तर प्रत्येक गटात १० याप्रमाणे ४० सामने, आणि पुढे चार गटविजेत्यांत पेज पद्धतीचे चार. एकूण ४४. मैदाने दोन असतील आणि गट जिल्ह्यांनुसार विभागून आधीच खेळवले, तर हे अशक्य नाही. वरूड, मोर्शी, परतवाडा, दर्यापूर यांच्या संघांनी जवळच्या एका गावी गटातले सामने उरकायचे आणि अंतिम टप्प्यासाठी फक्त चार संघांनी प्रवास करायचा. प्रत्येक संघाला चार सामन्यांची खात्री. चार सामने म्हणजे दुसऱ्या पिचरला संधी, निवड समितीला पाहायला वेळ, आणि एसटीचे भाडे वसूल.

मानांकन तेव्हाही लागेल, पण त्याचे काम हलके होईल: मागच्या वर्षीचे पहिले चार एकेका गटात टाकायचे, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सगळ्या संघव्यवस्थापकांसमोर काढायच्या. गटात बरोबरी झाली तर आधी आपसांतला निकाल पाहायचा. तीन संघ अडकले तर प्रत्येक डावामागे काढलेल्या आणि दिलेल्या धावांचा फरक. जागतिक संघटनेच्या स्पर्धांत हीच रीत आहे आणि क्रिकेटच्या नेट रनरेटची सवय असलेल्या प्रेक्षकाला ती दोन मिनिटांत कळते. एक पथ्य मात्र हवे. हा फरक आकड्यात धरला की तगडे संघ दुबळ्यांवर धावांचा ढीग रचू लागतात. म्हणून पाचव्या डावानंतर सात धावांच्या आघाडीवर सामना थांबवण्याचा नियम काटेकोर पाळायचा आणि थांबवल्यानंतरचे डाव हिशेबात धरायचे नाहीत.

जिल्हानिहाय गटांवर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. अमरावती शहरातली महाविद्यालये एकाच गटात आली तर तो गट सर्वांत कठीण होईल आणि दुसऱ्या जिल्ह्यातला गट तुलनेने सोपा. अमेरिकेतही कॉन्फरन्स-कॉन्फरन्समध्ये असाच फरक आहे. म्हणून तर तिथे प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीला निम्मे वजन द्यावे लागले. आपल्याकडे सोपा उपाय आहे. शहरातले मानांकित संघ वेगवेगळ्या गटांत पाठवायचे, त्यांनी प्रवास करायचा. दरवर्षी वरूडनेच अमरावतीला का जावे? एखाद्या वर्षी गतविजेत्याने मोर्शी ओलांडून इकडे यावे, वरूडच्या मैदानावर सकाळी साडेसातला पहिला सामना खेळावा. प्रेक्षक मिळतील, आणि आंबिया बहाराची संत्रीही.

पुढच्या प्रकरणांत बाद तक्ता, साखळीचा चक्राकार आराखडा, गटवारी आणि पेज पद्धत यांची पायरी-पायरीने मांडणी आहे. शारीरिक शिक्षण संचालकांना ती कागदावर उतरवून घेता येईल. पण एक गोष्ट कोणत्याही प्रकरणातून मिळणार नाही, ती महाविद्यालयांच्या कपाटांत आहे. १९८३ साली अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाले तेव्हापासूनच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे तक्ते, गुणपत्रके, संघांच्या याद्या जिथे जिथे पडून असतील तिथून त्या बाहेर काढाव्यात, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे पोहोचवाव्यात. कोणत्या वर्षी कोणाला बाय मिळाला आणि कोण कितव्या फेरीत कोणाकडून हरले, एवढे जरी दहा-पंधरा वर्षांचे एका जागी आले तरी पुढच्या हंगामाचा तक्ता आखायला पुरेसे आहे. काम दिवाळीच्या सुट्टीत होण्यासारखे आहे.